मुकादमानं मोह खाल्ला नवता

मोह पडाले लागला का आमच्या गावची हवाच बदलते. होळीच्या आगंमागं एखाद्या सकाळी मानूस अंगनात येऊन बसते, तोंड बी धुतलं नसते, आन तो वास नाकात शिरते. गोड, जड, उलसा आंबूस. जसं कोनी गुळाचं पानी चुलीवर ठेवलं आन उतरवाले विसरलं. लोकाईले त्या वासानं बरं वाटत असन. मले थकवा येते. पन्नाशी सरली, गुडघे करकर वाजतात, ते तं हायच. पन हा थकवा गुडघ्याचा नाई. त्या वासासंग सात-आठ वर्सांआंधीचा एक मोहाचा सीजन येते आन माह्या बाजूले बसते. उठ म्हनलं तरी उठत नाई.

आज बी आला. शेवंता, म्हंजे माही घरची, टोपली घेऊन बायाईसंग जंगलात गेली बी. मी घरापुढच्या सपरीत मुकादमापाशी बसून राह्यलो.

मुकादम आमचा कुत्रा. तांबडा रंग, छातीवर पांढरा डाग, एक कान उभा आन एक पडलेला. पिल्लू होता तवाच हे नाव पडलं. आमी सारे मोहाखाली वाकून फुलं वेचाचो आन हा उंच दगडावर बसून आमाले पाहाचा. हाताले काम काई नाई, नजर मात्र सगळ्याईवर. शेवंता म्हने, "हा तं मुकादमच हाय जी. उद्या हजरी घेईन आपली."

पन तो बसून जे काम कराचा, ते आमच्यापैकी कोनाले जमत नवतं. पोंभुर्ण्याच्या ह्या जंगलात मोह वेचाले जाचं म्हंजे झुंजुमुंजु उजाडाच्या टायमाले जा लागते. फुलं पहाटंपासून पडतात, उशीर केला तं हरनं खाऊन जातात. आन हरनाच्या मांगं कोन येते ते सांगाची गरज नाई. अस्वलाले तं मोह आमच्याहून जास्त आवडते. त्यात मानूस वाकून बसलेला. वाकलेला मानूस वाघाले मानसासारखा दिसत नाई म्हंतात जुने लोक, चार पायाचं काई तरी दिसते. मनून संग कुत्र पाहिजे. मुकादम भुकला तं समजाचं, डुक्कर असन, कोल्हा असन, वेचत राहा. पन भुकनं बंद करून, पाठीचे केस उभे करून, तो पायात येऊन शिरला, का टोपली तिथीच सोडाची आन सगळ्याईनं एका जागी येऊन कल्ला कराचा. तीन वर्सं तो आमच्या पायात शिरला, तीन वर्सं आमी धडपने घरी आलो. त्याले आमी काय देलं? उरलेला भात. सनाले आनखी उलसा जास्त भात.

आता माहं सांगतो. मी दुसरीतून पळालेला मानूस. गुर्जीनं छडी उचलली आन मी खिडकीतून उडी मारली, ते आजपावेतो शाळेत गेलो नाई. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते तवा आमच्या गावात नाटक होते. त्यात मले दर साली नोकराचं काम. दुसरा वाचून दाखवते, मी पाठ करतो, आन स्टेजवर गेलो का अर्धं विसरतो. विसरलो का लोक जास्तच हासतात. आता अशी गत झाली का मी कोनाच्या दारात उभा राहून पानी मांगतलं तरी आतून हासू येते. एकदा कवेलू बदलता बदलता छपरावरून खाली पडलो, हात मोडला, मी खाली पडून बोंबलून राह्यलो आन सारे म्हनतात, "वा मारोतीभाऊ, काय पडले!"

मले त्याचं वाईट वाटत नाई. मी मोठा झालो तोच असा. स्वतःच्या लग्नात वरात चुकून दुसऱ्या मांडवात नेली, ते मीच गावाले सांगतलं. सासऱ्याच्या समोर धोतर सुटलं, ते बी मीच. माह्यावरची एक गोष्ट लपवून ठेवली नाई मी. एक सोडून.

त्या साली उन लवकर तापलं. मुकादमाच्या अंगावर गोचीड झाले. आंधी कानाईत, मंग मानेवर, मंग पायाच्या बोटाईमंधी. फुगलेले, राखडी, एरंडाच्या बियासारखे. बिचारा रात-दिवस कान फडफडवे. शेवंता म्हने, "बसा उलसे, हातानं काढा. करंजीचं तेल लावा. नाई तं पोंभुर्ण्याले जनावराच्या दवाखान्यात न्या, तिथी औषद भेटते."

"नेतो ना," मी म्हनलं.

गोचीड हातानं काढाचं म्हंजे काम हाय. कातड्यापाशी धराचं, हळू ओढाचं, तोंड आत तुटलं नाई पाहिजे, मंग मिठाच्या पान्यात टाकाचं. एक काढला का बाजूले दुसरा दिसते. मी सात-आठ काढले आन कंटाळलो. माह्यासारख्या मानसाले कंटाळा आला का डोकं चालाले लागते, आन माहं डोकं चालनं ही गावासाठी धोक्याची गोष्ट हाय.

ढोराच्या कोठ्यात आड्याले एक बाटली टांगली होती. कापसाच्या पराटीवर फवारलेली दवाई, बुडाशी उरलेली. मी विचार केला, जे बोंडअळीले मारते ते गोचिडाले का सोडन? बाटलीवर खालच्या अंगाले लाल रंगाचा तिकोन होता. आता मले माहीत हाय तो लाल तिकोन काय सांगते. तवा मले वाटलं, लाल छापला म्हंजे माल भारी असन.

शेवंता मोहाले गेलेली, गोचिडानं बेजार मुकादम घरीच. मी बादलीत दवाई टाकली, पानी टाकलं, फडकं बुडवलं, आन मुकादमाले पुसाले लागलो. उघड्या हातानं. हे सांगताना मी काऊन थांबतो ते सांगतो. तो हलला नाई. वास इतका का माह्याच डोळ्याले पानी आलं, तरी हलला नाई. इतक्या वेळ मी त्याच्या अंगावरून हात फिरवून राह्यलो असं कवा झालंच नवतं. त्याले वाटलं मी लाड करून राह्यलो. डोळे मिटले, शेपटी हालवली, आन कानाच्या आत बी पुसा म्हनून मुंडकं वाकडं केलं. मी पुसलं.

अर्ध्या घंट्यात तोंडातून लाळ गळाले लागली. तार तुटेच ना. मंग वकला. मंग अंगावरचं मांस उडाले लागलं, कातड्याखाली कोनी तरी उकळी आनली असं. मागच्या पायावर बसला, उठाचं पाह्यलं, आडवा झाला. मी बोंबललो तसा बाजूच्या घरातून लटारू धावत आला. लटारू माह्या बरोबरीचा, लहानपनापासूनचा दोस्त, त्याच्यापाशी फटफटी.

"काय झालं बे मारोत्या?"

माह्यापाशी बादली होती. हातात फडकं होतं. खरं सांगाले एक शब्द लागला असता. पन माह्या तोंडाची खोड अशी का खरं निंगाच्या आंधी मस्करी निंगते. मी म्हनलं, "मोह खाल्ला लेकानं! चढली त्याले!" आन बादली पायानं कोठ्यात सरकवली.

लटारू हासला. फटफटी काढली. मुकादमाले मी पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतला आन मांगं बसलो.

तो रस्ता आजबी डोळ्यापुढं हाय. दोन्ही बाजूले पळस पेटलेला, खाली लाल सडा. मंधी मंधी मोह, आन तोच वास. माही बंडी त्याच्या लाळेनं भिजून गेली. लटारू पुढून वरडून विचारे, "तुह्या घरी कुत्र बी पेते काय बे?" आन मी मांगून वरडून सांगो, "मालक तसा कुत्रा!" आमी दोघं बी हासत होतो. माह्या मांडीवर तो थरथरत होता आन मी हासत होतो. दुनियात असा बेशरम मानूस मी दुसरा पाह्यला नाई.

दवाखान्यात डॉक्टरीनबाई होती. बाहेरगावची, तरनी, केस मांगं घट्ट बांधलेले. तिनं मुकादमाचा डोळा उघडून बॅटरी मारली.

"काय खाल्लं यानं?"

"मोह, म्याडम. लगित खाल्ला."

"मोहानं डोळ्यातली बाहुली अशी टाचणीएवढी होत नाही. दुसरं काही? शेतातलं औषध? उंदराचं?"

"नाई जी."

"अंगाला काही लावलं?"

लटारू बाजूलेच उभा होता. उद्या ह्याच्या तोंडून गावात जाईन का मारोत्यानं कुत्र्याले पराटी समजून फवारलं. पडलो, मोडलो, धोतर सुटलं, ते सगळं मी सांगू शकत होतो, त्यात मार मलेच लागला होता. ह्याच्यात दुसऱ्याले लागला होता, आन तो माह्या समोर टेबलावर पडून होता. मी म्हनलं, "नाई."

तिनं सलाईन लावली. माह्याकडे पाह्यलं. मंग हळूच म्हनली, "हे बघा, विषाचं नाव कळलं तर त्याचं औषध आहे माझ्याकडे. नाही कळलं तर मी अंदाजानं चालले आहे. याच्याजवळ अंदाजाला वेळ नाही."

मी भिंतीकडे पाह्यलं. भिंतीवर गाईचं चित्र होतं. ते चित्र मी किती वेळ पाह्यलं ते मले माहीत नाई. मुकादमाचा श्वास घरघर कराले लागला होता. लटारू म्हनला, "मी तंबाकूचा खर्रा घेऊन येतो," आन बाहेर गेला. तो दाराबाहेर पडला तसा मी बोललो. लहान पोट्टं मुतलं का सांगते तसा.

"पराटीची दवाई लावली, म्याडम. गोचिडासाठी. पूरी बादली."

ती चिडली नाई. चिडली असती तं बरं झालं असतं. पयले तिनं इंजेक्शन भरलं, देलं. मंग म्हनली, "कधी लावली?" मी सांगतलं. तिनं घड्याळ पाह्यलं आन ओठ दाबले. "अजून अंगावरच आहे ना ती? इतका वेळ आत मुरत होती. हे हातमोजे घाला. उचला त्याला. नळाखाली. साबण घ्या. पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं."

मी धुतलं. कान धुतले, पोट धुतलं, पायाची बोटं धुतली. जितक्या मन लावून दवाई लावली होती तितक्या मन लावून काढली. मंग तिनं मलेच नळाखाली उभं केलं. "तुमचे हात. कोपरापर्यंत. डोकं दुखतंय?" दुखत होतं. मळमळत होतं. मले वाटलं होतं खर्र्याचं असन.

लटारू आला तवा मी ओलाचिंब. "हे काय बे?"

"म्याडम म्हने, दोघाईची बी उतरवा लागते," मी म्हनलं. आन तो पुन्हा हासला.

संध्याकाळी मुकादमानं डोळे उघडले. म्याडमनं कागद लिवाले घेतला. "नाव काय?"

"मुकादम."

ती पयल्यांदा उलसी हासली. "त्याचं झालं. मालकाचं?"

मले उलसं समजलंच नाई. आमच्या गावात कुत्र्याले मालक असते हे कोनी म्हनत नाई. कुत्र दारात राह्यते, भात खाते, बस. माहं नाव कागदावर मालक म्हनून तवा पयल्यांदा आलं. जमीन अजून बापाच्या नावावर हाय. ती म्हने, पिसाळू नये म्हनून टोचून आनलंय का कवा? नाई. जंताचं औषद? नाई. ती एक एक विचारे आन मी नाई नाई म्हनो, आन मले शाळेची खिडकी आठवे. पन इथी खिडकीले गज होते.

तीन दिवस रोज नेऊन इंजेक्शन देलं. मुकादम उभा राह्यला, भात खाल्ला. मी म्हनलं, सुटलो. पंधरा-वीस दिवसानं त्याचे मागचे पाय वाकडे पडाले लागले. उठे, दोन पावलं चाले, मागचा भाग एकीकडे जाये आन पुढचा दुसरीकडे. म्याडम म्हने, काई काई दवाईनं असं होते, उशिरानं नसा जातात. मी विचारलं नाई का मी आंधी सांगतलं असतं तं? तिनं बी सांगतलं नाई. तो सवाल माह्यापाशी तसाच पडून हाय, उष्ट्या ताटासारखा.

गावाले काय, गावानं पाह्यलं का मुकादम डोलत चालते. लटारूनं तं पारावर सांगतलंच होतं. झालं. "मारोतीच्या कुत्र्याले मोहाची बाधली." "पयल्या धारंची मारली लेकानं." पोराईले, बायाईले, सगळ्याईले एक खेळ भेटला. तो डोलत निंगला का म्हनाचे, "सांभाळून मुकादमसायेब!" तो आपला शेपटी हालवे. त्याले काय माहीत ते काऊन हासून राह्यले. मी बी हासो. सगळ्याईत मोठ्ठ्यानं मीच हासो.

शेवंताले मी सांगतलं नाई. पन तिले सांगाची गरजच नवती. त्या दिवशी जंगलातून आली, कोठ्यात गेली, बादली पाह्यली, वास घेतला. मी दवाखान्यातून आलो तवा बादली वावराच्या धुऱ्याकडे खड्ड्यात गाडलेली होती आन ती हात धुऊन राह्यली होती. एक शब्द बोलली नाई. त्याचे मागचे पाय पूरेच गेले त्या दिवशी बोलली.

"कुत्र्याले काऊन बदनाम करता जी? तुमचं नाव खराब होऊन होऊन आता आनखी किती होनार होतं?"

मी काई तरी मस्करी कराले गेलो.

"नोका बोलू," ती म्हनली. "आता त्याले उचलाचं काम तुमचं. तो हाय तवरी."

मोहाचा सीजन अजून अर्धाच झाला होता. मुकादम नाई तं संग कोन जाईन? मीच गेलो. मुकादमाच्या दगडावर मी बसो आन बाया फुलं वेचत. माहं काम जागं राह्यनं आन आवाज कराचा. दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी डोळा लागला, उघडला तं झुडपात काळं, केसाळ, वाकलेलं. मी असा बोंबललो का बाया टोपल्या टाकून झाडावर चढाले लागल्या. ते काळं उभं राह्यलं आन म्हनलं, "मारोती, मी हाओ बे." आमच्याच गावचा सोनबाजी बुडा, घोंगडं पांघरून बसला होता. त्या दिवसापासून बाया म्हनाले लागल्या, "मुकादम दारुड्या असन, पन तो बरा होता. हा नवीन मुकादम काई कामाचा नाई."

तवा मी कावड काढली. आमच्या घरचे जुने लोक तळ्यातली मासोळी कावडीनं नेत. एका बाजूले मुकादम टोपल्यात, दुसऱ्या बाजूले वजन बराबर करासाठी पान्याचा डब्बा. पाय गेले तरी नाक होतं, कान होते. मोहाखाली दगडावर त्याले ठेवला का तो पयल्यासारखा बसे, मान उंच, नजर सगळ्याईवर. आता पायात शिरता येत नवतं त्याले. मनून तो भुकनं बंद करे आन माह्याकडे पाहे. फक्त पाहे. मी तेवढ्यानं समजलो पाहिजे. मी समजो. येताना डब्बा रिकामा करून त्याच्या जागी फुलं. गावात शिरलो का लोक म्हनत, "श्रावनबाळ आला!" मी म्हनो, "माय-बापाले कवा उचललं नाई, मनून देवानं हे देलं." हासे पिकत. खांद्याले घट्टे पडले.

सात-आठ वर्सं. सांगाले सोपं हाय. सकाळी उचला, बाहेर न्या, मागून पोट धरून उभं ठेवा, तो मुतला का पुसा. उन्हाळ्यात सावलीसंग सरकवा. पावसाळ्यात खालचं पोतं कोरडं ठेवा, नाई तं कातडं सडते. वर्साले एक टोचनी, कागद शेवंतानं पेटीत ठेवला हाय. गोचीड मी हातानं काढतो आता, एक एक. पाव्हनपनाले जात नाई, गेलो तं सांजंपर्यंत परत. पोरीच्या घरी बारसं होतं तं शेवंता एकटी गेली. लोकाईले वाटते मारोतीचा कुत्र्यावर जीव हाय. जीव असन. पन सगळा जीवच नाई. लोक चांगलं म्हनाले लागले का मले गप बसवत नाई आन बोलवत बी नाई.

ह्या साली तो कावडीत बसत नाई. हाडं लागतात त्याले. कान गेले, डोळ्यावर पांढरं आलं. म्याडम बदलून गेली, आता दुसरे डॉक्टर हायेत, ते म्हने, खाते तवरी ठेवा, दुखते असं दिसलं का आना, मी पाहीन. रोज सकाळी मी भाताचा घास त्याच्या नाकापुढं धरतो आन वाट पाहातो. आज खाल्ला. उशिरानं, पन खाल्ला.

तेवढ्यात लटारू आला. त्यानं नवीन कुत्रा आनला हाय, शेरू, सहा-सात महिन्याचा, काळाभोर. मोहाले नेतो म्हने औंदा. शेरू त्याच्या मांगं मांगं, आन कान फडफडवून राह्यला. फड फड फड.

"मारोत्या, गोचीड झाले बे ह्याले. पराटीची दवाई उरली असन ना तुह्या घरी? माही संपली. चोपडून टाकतो एकदाची."

मी म्हनलं, "नोको लावू."

"काऊन?"

"मरन तो."

लटारू हासला. "तुह्या मुकादमासारखा मोह खाऊन काय?"

"लटारू, मुकादमानं मोह खाल्ला नवता. दवाई मी लावली होती."

तो आनखी हासला. मांडीवर थाप मारली. "वा! आन मंग?" त्याले वाटलं, पुढं गोष्ट हाय. माह्या गोष्टीत पुढं नेहमी काई तरी हासाचं असते, तो त्याचीच वाट पाहून राह्यला होता. मी पुन्हा सांगतलं. बादली, फडकं, लाल तिकोन, तू खर्रा आनाले गेला तवा म्याडमले सांगतलं ते. तो हासतच होता, पन आता हासू उलसं मांगं राहून राह्यलं होतं. मले हासू थांबवाची कला येत नाई. आयुष्यात कवा गरजच पडली नवती. मंग मी त्याचा हात धरला, मुकादमापाशी नेला, आन त्याच्या मागच्या मांडीवर ठेवला. तिथी मांस नाई. कातडं आन त्याच्याखाली हाड. लटारूचा हात तिथीच राह्यला.

शेरू मुकादमाचं तोंड हुंगून राह्यला होता.

"माह्या गाडीवर बसून," तो म्हनला, "माह्या पाठीमांगं बसून, खोटं बोलला तू."

"हो."

"आन मी सात-आठ वर्सं ह्याले दारुड्या दारुड्या म्हनून राह्यलो. ह्याले. माह्या पोट्ट्याईनं दगड मारले बे ह्याले एकदा, दारुड्या म्हनून. मी हासलो."

मी म्हनलं, "माहीत हाय."

"तुले माहीत होतं?"

"मी तिथीच होतो."

त्यानं माह्याकडे असं पाह्यलं का मले वाटलं आता मारते. मारलं असतं तं मी हात वर केला नसता. पन तो उठला, शेरूच्या गळ्यातली दोरी सपरीच्या खांबाले बांधली, आन म्हनला, "मीठ-पानी आन. हातानं कसं काढाचं ते दाखव. मंग दवाखान्यात जाऊ." मी काई तरी बोलाले तोंड उघडलं. सवयीनं. "चूप राय," तो म्हनला. मी चूप राह्यलो.

आमी दोघं बसून गोचीड काढले. उन चढलं. जंगलाकडून बाया परत येताना बोलत होत्या, त्याईचा आवाज दुरून येऊन राह्यला होता. मुकादमाच्या पायावर उन आलं होतं. मी उठलो, गुडघ्यावर हात टेकून, त्याले सावलीत घ्यासाठी. लटारू बी उठला. हात पुसले.

"कुठी धरा लागते?" त्यानं विचारलं.

सात-आठ वर्सांत हे कोनी विचारलं नवतं. मी म्हनलं, "पोटाखालून. दोन्ही हात. मागचं जड हाय."

"मागचं मी धरतो," लटारू म्हनला. "तू पुढं हो."